‘प्रिंटएफ’ची अंतर्गत कार्यपद्धती : एक विवेचन

सी भाषेच्या अध्यापनात ‘प्रिंटएफ’ पहिल्याच तासाला येते आणि परिचित म्हणून पुढे सहसा उलगडून सांगितले जात नाही. वस्तुतः ते भाषेच्या व्याकरणाचा भाग नसून प्रमाणित लायब्ररीतील एक फंक्शन आहे, आणि त्याला दिलेली स्वरूपमालिका ही एक छोटी आज्ञावलीच असते.

लिनक्सवर प्रचलित असलेल्या जीएनयू सी लायब्ररीत ‘प्रिंटएफ’ स्वतः फारसे काही करीत नाही. मिळालेली मूल्ये ते एका सामायिक अंतर्गत यंत्रणेकडे सोपविते. ‘एफप्रिंटएफ’ आणि ‘एसप्रिंटएफ’ यांचाही आधार तीच. ही यंत्रणा मालिका क्रमाने वाचते. साधी अक्षरे बफरमध्ये जातात; टक्केचिन्ह आले की पुढील रुंदी, अचूकता व रूपांतर-अक्षर पाहून पुढचे मूल्य उचलले जाते. पूर्णांकाला वारंवार दहाने भागले की अंक मिळतात. अपूर्णांकाचे काम कष्टाचे आहे. द्विमान पद्धतीत ०.१ तंतोतंत मावत नाही. वीस दशांश स्थळे मागितल्यास ०.१००००००००००००००००५५५ उमटते, आणि त्यासाठी लायब्ररीला मोठ्या पूर्णांकांचे गणित करावे लागते. शब्दमालिकेची रुंदी मात्र अक्षरांत नव्हे, बाइटांत मोजली जाते. यूटीएफ-८ मध्ये ‘पुणे’ बारा बाइट व्यापते; म्हणून दहा रुंदीच्या रकान्यात त्यापुढे एकही रिकामी जागा सोडली जात नाही. मराठी तक्ते वाकडे होण्याचे हे एक कारण.

खरा प्रश्न विश्वासाचा आहे. मूल्यांची संख्या व प्रकार या यंत्रणेला ठाऊक नसतात. मालिका सांगेल तेच ती खरे मानते. मालिकेने तीन मूल्ये मागितली आणि दोनच दिली असतील, तर तिसऱ्याच्या जागी जे सापडेल ते उचलले जाते. त्यातच ‘एन’ हे रूपांतर-अक्षर छापत नाही, आतापर्यंत छापलेल्या बाइटांची संख्या स्मृतीत लिहिते. वापरकर्त्याने दिलेला मजकूरच मालिका म्हणून वापरला, की परक्याच्या हाती स्मृतीत लिहिण्याचा अधिकार जातो. २००० साली ‘डब्ल्यूयू-एफटीपीडी’ या सर्व्हरमध्ये असेच घडले. परका मजकूर नेहमी ‘एस’ रूपांतराद्वारे छापावा, एवढी शिस्त पाळली की हा धोका टळतो. आज कंपायलर अशा ठिकाणी इशारा देऊ शकतात. तटबंदीचा पर्याय वापरून बांधलेल्या आज्ञावलीत, बदलता येण्याजोग्या स्मृतीतील मालिकेत ‘एन’ आढळल्यास जीएनयू लायब्ररी आज्ञावलीच थांबविते.