ऑनलाइन घेतलेला मोबाइल करार रद्द करताना: ब्रिटनमधील गैरसमज आणि वस्तुस्थिती

ब्रिटनमध्ये मोबाइल फोन करारावर घेण्याची पद्धत चांगलीच रुजलेली आहे. हँडसेट आणि सिम एकत्र मिळतात आणि त्यांचे पैसे दर महिन्याला बँक खात्यातून परस्पर वळते होतात. असा करार संकेतस्थळावरून किंवा फोनवर बोलून केला असेल, तर सुरुवातीच्या १४ दिवसांत तो रद्द करण्याचा हक्क ग्राहकाला कायद्यानेच मिळतो. ही कंपनीची मेहेरबानी नव्हे. ‘कन्झ्युमर कॉन्ट्रॅक्ट्स रेग्युलेशन्स २०१३’ या नियमावलीत हा हक्क असून ती १३ जून २०१४पासून लागू आहे. त्याआधीच्या, २००० सालच्या नियमावलीत ही मुदत कामकाजाच्या सातच दिवसांची होती. दोन्ही नियमावल्या युरोपीय संघाच्या निर्देशांवरून बेतलेल्या असल्यामुळे ब्रेक्झिटनंतर हा हक्क गेला, असे अनेकजण धरून चालतात. तो गेलेला नाही. नियमावली ब्रिटनच्या स्वतःच्या कायद्याचा भाग आहे.

फोनमध्ये काही बिघाड निघाला तरच तो परत करता येतो, हा सर्वांत पक्का बसलेला गैरसमज. वस्तू हातात न घेता, नुसते चित्र आणि वर्णन पाहून सौदा झालेला असतो, म्हणून कायद्याने फेरविचाराला ही सवड ठेवली आहे. त्यामुळे कारण सांगावे लागत नाही. फोन मोठा वाटला, घरात नेटवर्क मिळत नाही, दुसरीकडे स्वस्त मिळाला किंवा नुसते मन बदलले, तरी चालते. कंपनीच्या माणसाने कारण विचारले तर उत्तर देण्याचे बंधन नाही.

महाराष्ट्रातून शिकायला किंवा नोकरीला गेलेल्यांच्या मनात हा गैरसमज सहज घर करतो, कारण भारतातली स्थिती खरोखरच वेगळी आहे. भारतात कारण न देता ऑनलाइन खरेदी रद्द करण्याचा सरसकट हक्क कायद्यात नाही. २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा सदोष मालापुरते बोलतो: बिलावर लिहिलेल्या मुदतीत आणि तशी मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, सदोष माल परत घेण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. शॉपिंग संकेतस्थळांवर दिसणारी सात किंवा दहा दिवसांची ‘रिटर्न’ची सोय हे त्या त्या विक्रेत्याचे धोरण असते. उलट, ब्रिटनमध्ये काही वर्षे राहून परतलेला माणूस पुण्यात ऑनलाइन फोन घेऊन १४ दिवसांचा हक्क मागू लागला, तर त्याच्या हाती काही लागणार नाही.

मुदत मोजताना बरेच जण चुकतात, आणि इथे एका दिवसाच्या चुकीने शेकडो पौंड जाऊ शकतात. करारात हँडसेट असेल तर घड्याळ ऑर्डर दिल्यापासून सुरू होत नाही, फोन हातात पडल्यावर सुरू होते, आणि तो दिवस मोजायचा नाही. समजा, १ तारखेला ऑर्डर दिली आणि ५ तारखेला कुरिअरवाल्याने फोन दारात आणून दिला. पहिला दिवस ६ तारखेचा, शेवटचा १९ तारखेचा. शनिवार-रविवार यातच धरायचे. मात्र फोन आधीचाच आहे आणि नुसते सिम घेतले आहे, असा करार ‘सेवेचा’ मानला जातो. त्याचे १४ दिवस करार झाल्यापासून मोजतात, सिम टपालाने केव्हा आले याला महत्त्व नाही. वरच्याच उदाहरणात ही मुदत १५ तारखेला संपेल. आणखी एक तरतूद फारशी कुणाला ठाऊक नसते: रद्द करण्याच्या हक्काची माहिती कंपनीने दिलीच नसेल, तर मुदत १२ महिन्यांपर्यंत लांबते. करारासोबत आलेली ईमेल म्हणूनच जपून ठेवावी.

खोके उघडले की परतीचा मार्ग बंद, हेही खरे नाही. दुकानात नमुन्याचा फोन हाताळून पाहता येतो, तेवढी हाताळणी घरी करायला कायद्याची हरकत नाही. खोके उघडणे, फोन हातात धरून पाहणे, चालू करून पडदा आणि कॅमेरा कसा आहे ते बघणे यात बसते. आठवडाभर तोच फोन रोजच्या कामाला वापरला, काचेवर ओरखडे आले, चार्जर हरवला, तर वस्तूची किंमत जेवढी उतरली तेवढी रक्कम विक्रेता परताव्यातून कापू शकतो. पण कापणे वेगळे आणि करार रद्द करायला नकार देणे वेगळे. ‘सील तुटले, आता काही होणार नाही’ हे उत्तर ग्राहकाने मुकाट्याने मान्य करू नये. परत पाठवण्यापूर्वी फोनवरचे स्वतःचे खाते आणि कुलूप काढून टाकायला मात्र विसरू नये; फोन कुलूपबंद राहिला की परतावा अडकतो.

रद्द केले म्हणजे एक पैसाही द्यावा लागणार नाही, हा उलट्या बाजूचा गैरसमज. ग्राहकाने स्वतः सांगून मुदतीतच सेवा सुरू करून घेतली असेल, तर वापरलेल्या दिवसांचे पैसे द्यावे लागतात. महिन्याचे ३० पौंड असतील आणि दहा दिवस सेवा घेतली असेल, तर साधारण १० पौंड. परतीच्या पार्सलचा खर्चही ग्राहकाचा, कंपनीने तो उचलायचे कबूल केले नसेल तर. मात्र हा खर्च ग्राहकावर पडेल हे तिने आधी सांगितलेले असले पाहिजे. फोन पाठवायला रद्द केल्याचे कळवल्यापासून १४ दिवस मिळतात. तो परत पोचल्यावर किंवा पाठवल्याचा पुरावा दिल्यावर पुढच्या १४ दिवसांत विक्रेत्याने पैसे परत करायचे असतात, आणि त्यात येतानाच्या साध्या डिलिव्हरीचा खर्चही धरावा लागतो.

नुसता फोन परत पाठवून करार रद्द होत नाही. ‘मी करार रद्द करत आहे’ असे स्पष्ट शब्दांत कळवावे लागते. त्यासाठी कंपनीचाच फॉर्म भरण्याची सक्ती नाही. ईमेल किंवा पत्र चालते. तोंडी सांगणेही कायद्याला पुरते, पण मुदतीत कळवले हे सिद्ध करण्याची जबाबदारी ग्राहकावर असल्याने लेखी कळवणे शहाणपणाचे. शेवटच्या दिवशी पाठवलेली ईमेल दुसऱ्या दिवशी वाचली गेली तरी ती वेळेतच धरली जाते. हँडसेट एका विक्रेत्याकडून आणि जोडणी दुसऱ्या कंपनीची असा मामला असेल, तर करारावर कुणाचे नाव आहे ते पाहून दोघांनाही कळवावे. जुना नंबर नव्या करारावर आणला असेल, तर तो पुढे कुठे न्यायचा हे आधी ठरवून त्याची व्यवस्था करावी. घाईत जोडणी बंद केली तर नंबर हातचा जाऊ शकतो.

सर्वांत महागात पडणारी समजूत अशी, की बँकेत जाऊन डायरेक्ट डेबिट थांबवले की करार संपला. करार तसाच चालू राहतो, बिले साचत जातात, आणि थकबाकीची नोंद ग्राहकाच्या क्रेडिट फाइलमध्ये होते. कर्ज बुडवल्याची, म्हणजे ‘डिफॉल्ट’ची, नोंद तिथे सहा वर्षे राहते. नव्याने देशात आलेल्या विद्यार्थ्याची फाइल मुळात कोरी असते. तिच्यावरचा पहिलाच शेरा असा पडला, तर पुढे घर भाड्याने घेताना आणि कर्ज काढताना तो आडवा येतो.

दुकानात जाऊन केलेल्या करारालाही १४ दिवस मिळतात, असे बरेच जण गृहीत धरतात. तिथे हा हक्क नाही. दुकानाने आपणहून सवलत ठेवली असेल तेवढीच. ऑनलाइन पैसे भरून फोन दुकानातून उचलला तर हक्क मिळतो. ऑनलाइन नुसता राखून ठेवला आणि सौदा दुकानात झाला, तर नाही. बिघाडाची गोष्ट मात्र निराळी. फोन सदोष निघाला तर ‘कन्झ्युमर राइट्स ॲक्ट २०१५’ लागू होतो. तो दुकानालाही तितकेच बांधील धरतो आणि पहिल्या ३० दिवसांत सदोष फोन नाकारून पैसे परत मागता येतात.

१४ दिवस उलटले की मुदतपूर्व बाहेर पडण्याचे शुल्क लागते, आणि ते बहुतांशी उरलेल्या महिन्यांच्या भाड्यावरून ठरते. ते किती, हे ८५०७५ या क्रमांकावर ‘इन्फो’ असा फुकटचा एसएमएस इंग्रजी अक्षरांत पाठवून कळते. नंबर घेऊन दुसरीकडे जायचे असेल तर ६५०७५ वर ‘पॅक’ पाठवायचे. मिळालेला कोड ३० दिवस चालतो. ही सोय १ जुलै २०१९पासून आहे. कोड मिळाला म्हणजे उरलेले पैसे माफ झाले, असा मात्र अर्थ नाही. करारात न लिहिलेली दरवाढ कंपनीने मध्येच लादली तर ग्राहकाला शुल्क न भरता बाहेर पडता येते. १७ जानेवारी २०२५पासूनच्या नव्या करारांत पुढची दरवाढ पौंड-पेन्समध्ये आधीच लिहावी लागते. महागाईच्या दराशी जोडलेली मोघम टक्केवारी आता चालत नाही.

कंपनीने दाद दिली नाही तर ‘ऑफकॉम’ भांडण सोडवील, अशी अपेक्षा ठेवून लोक वेळ घालवतात. ऑफकॉम ही नियामक संस्था आहे. ती एकेका ग्राहकाचा वाद सोडवत नाही. आधी कंपनीकडे रीतसर लेखी तक्रार करायची. ठरलेल्या आठवड्यांत ती सुटली नाही किंवा कंपनीने हात वर केले, तर प्रकरण ‘कम्युनिकेशन्स ओम्बड्समन’ किंवा ‘सिसास’ यांपैकी कंपनी ज्या योजनेची सदस्य असेल तिच्याकडे न्यायचे. ग्राहकाला त्याचा खर्च येत नाही. तिचा निकाल ग्राहकाने स्वीकारला तर कंपनीवर बंधनकारक होतो. स्वीकारला नाही, तर इंग्लंड आणि वेल्समध्ये १०,००० पौंडांपर्यंतच्या दाव्यासाठी कनिष्ठ दिवाणी न्यायालयातला ‘स्मॉल क्लेम्स’चा मार्ग खुला राहतो.