लांबी भरलेला दरवाजा

गोंदिया जिल्ह्यातल्या देवरी-कोहमाऱ्याकडून राष्ट्रीय महामार्ग ५३ जातो आणि हा पट्टा नागझिरा-नवेगावच्या जंगलाचा. रात्री रानडुक्कर आडवं आलं की बंपर फुटतो, फेंडर चेपतो. गॅरेजवाला म्हणतो, "बदलता कशाला? लांबी भरून देतो."

लांबी, म्हणजे पुट्टी, मुळात वाईट नाही. पत्रा ठोकून आकारात आणला, गंज घासून काढला, की वर दोन-तीन मिलिमीटरचा थर चालतो. पण पत्रा तसाच चेपलेला ठेवून खड्डा बुजवला, की बिघडलंच. कडेला बारीक चीर पडते, गोंदियाचा पाऊस आत मुरतो, रंगाला फोड येतात आणि आतून पत्रा सडतो. बाहेरून मात्र गाडी चकाचक!

बोनेट, दरवाजा, पुढचा फेंडर बोल्टवर बसतात. ते फाटले किंवा कडेची घडी मोडली तर सरळ बदला. छत, खांब, मागचा बाजूचा पत्रा वेल्डिंगचा असतो. तिथे कापाकापी जाणकारानेच करावी, कारण अपघातात तोच सांगाडा माणसाला वाचवतो.

विमा असला तरी भाग बदलताना घसारा कापतात: प्लास्टिकवर ५० टक्के, धातूवर गाडीच्या वयाप्रमाणे. 'झिरो डेप' असेल तर ही कपात वाचते. मग लांबीवर भागवण्यात काही अर्थ नाही.

जुनी गाडी घेताना फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक पत्र्यावर फिरवा. जिथे ते सुटतं तिथे लांबी जाड आहे. बंपरवर मात्र ते चिकटणारच नाही, तो प्लास्टिकचा असतो.