रनटाइम फिल्टरची प्रतीक्षा-मर्यादा : अपाची डोरिसमधील एका प्रणाली-चलाचे स्वरूप

प्रस्तावना :
मोठ्या डेटाबेसमधील क्वेरीचा वेग केवळ यंत्राच्या क्षमतेवर नव्हे, तर अनावश्यक वाचन किती टळते यावरही अवलंबून असतो. बायदू या चिनी कंपनीने २०१७ मध्ये मुक्त स्रोत म्हणून खुल्या केलेल्या आणि २०२२ मध्ये अपाची प्रतिष्ठानचा उच्चस्तरीय प्रकल्प ठरलेल्या डोरिस या प्रणालीत त्यासाठी 'रनटाइम फिल्टर' वापरला जातो.

संकल्पना :
समजा, विद्यापीठाच्या गुणनोंदींची प्रचंड सारणी महाविद्यालयांच्या छोट्या सारणीशी जोडून एकाच जिल्ह्याचे निकाल हवे आहेत. हॅश जोडणीत छोट्या सारणीचे वाचन आधी पूर्ण होते. त्यातून त्या जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या संकेतांकांची गाळणी तयार होऊन मोठ्या सारणीच्या वाचनाकडे धाडली जाते. ही गाळणी मूल्यांची यादी, किमान-कमाल मर्यादा किंवा बर्टन ब्लूम यांनी १९७० मध्ये मांडलेला ब्लूम फिल्टर अशा स्वरूपाची असते. ब्लूम फिल्टर क्वचित अनावश्यक ओळ आत सोडतो. आवश्यक ओळ मात्र कधीच अडवीत नाही.

प्रतीक्षेचा प्रश्न :
गाळणी येईपर्यंत वाचनाने किती थांबावे, हे 'रनटाइम_फिल्टर_वेट_टाइम_एमएस' हे चल ठरविते. त्याचे मूळ मूल्य १००० मिलिसेकंद आहे. प्रणालीच्या दस्तऐवजानुसार ही मर्यादा प्रत्येक गाळणीस स्वतंत्रपणे लागू होते. तीन गाळण्या असल्यास प्रतीक्षा ३००० मिलिसेकंदांपर्यंत जाऊ शकते. मुदत संपताच वाचन सुरू होते आणि उशिरा आलेली गाळणी उर्वरित ओळींनाच लागू होते. तथापि उत्तर चुकत नाही, कारण अंतिम पडताळणी जोडणीतच होते. वाया जातो तो वेळ.

मूल्यनिश्चिती :
मूल्य फार कमी ठेवल्यास गाळणी पोहोचण्यापूर्वीच बरीच सारणी वाचून होते. फार जास्त ठेवल्यास अल्पावधीत संपणारी क्वेरीही खोळंबते. संगणक-समूहावर भार अधिक असताना गाळणी तयार होण्यास विलंब लागतो. अशा वेळी मर्यादा वाढविणे इष्ट ठरते. 'सेट' आज्ञेने बदल चालू सत्रापुरता होतो, तर 'सेट ग्लोबल'ने तो पुढील नव्या सत्रांनाही लागू होतो. म्हणून प्रथम एका सत्रात प्रयोग करून, क्वेरीच्या प्रोफाइलमध्ये गाळणी वेळेत पोहोचली काय व प्रतीक्षेत किती काळ गेला, हे तपासणे श्रेयस्कर होय.

निष्कर्ष :
या चलाचे सर्वांस लागू पडणारे एकच योग्य मूल्य नाही. प्रतीक्षेत जाणारा वेळ हा वाचनात वाचणाऱ्या वेळेपेक्षा कमी असावा, हाच त्याचा निकष होय.