निकामी मूत्रपिंड आणि दुर्बिणीची शस्त्रक्रिया

पैनगंगेच्या अलीकडे जैनथ, बेला या आपल्या कापसाच्या पट्ट्यात पाठ दुखते म्हटले तर कोणालाच नवल वाटत नाही. दिवसभर वाकून वेचणी करायची, ओझी उचलायची, मग पाठ धरणारच. त्यामुळे एक वेगळे दुखणे या साध्या दुखण्यात झाकून जाते. ते बरगडीखाली एकाच कुशीत उठते. विसावा घेऊनही थांबत नाही. मधूनच थंडी वाजून ताप येतो, लघवी गढूळ होते, जळजळ होते. अशा वेळी गावातच एक सुई घेतली जाते आणि चार दिवस बरे वाटते. मग पुन्हा तेच. असे करता करता वर्षे जातात आणि आत एक मूत्रपिंड, म्हणजेच किडनी, हळूहळू सडत असते.

हे घडते कसे?

मूत्रपिंडातून लघवी खाली आणणारी नळी खड्याने अडली, की शेतातली चारी तुंबल्यासारखे होते. पाणी मागे साचते. साचलेल्या लघवीत जंतू वाढतात, पू होतो, आणि आतला दाब मूत्रपिंडाचे मांस पातळ करीत जातो. शेवटी पुवाची एक पिशवी तेवढी उरते. कधी हेच काम क्षयरोग करतो. क्षय फक्त छातीचाच असतो असे नाही. लघवीत पू आहे, पण नेहमीच्या तपासणीत जंतू सापडत नाहीत, असे झाल्यास डॉक्टर मूत्रपिंडाच्या क्षयाचा संशय घेतात. मधुमेह असलेल्यांत तर असा जंतुसंसर्ग फार लवकर बळावतो.

मूत्रपिंड काढायलाच हवे काय?

प्रत्येक वेळी नाही. पू साचला असेल तर पुष्कळदा आधी पाठीतून बारीक नळी घालून तो वाहून जाऊ देतात. तापही उतरतो आणि मूत्रपिंडात किती जीव उरला आहे तेही कळते. त्यासाठी एक खास स्कॅन असतो. दोन्ही मूत्रपिंडे मिळून जे काम करतात, त्यातला दहा-पंधरा टक्क्यांहूनही कमी वाटा रोगट बाजू उचलत असेल आणि दुसरी बाजू चांगली असेल, तर ती काढण्याचा सल्ला बहुधा मिळतो. ती ठेवण्यात लाभ नसतो. उलट तिच्यातला पू रक्तात भिनून जिवावर बेतू शकते.

“एक किडनी गेली म्हणजे माणूस संपला,” ही भीती मात्र मनातून काढून टाकावी. २ ऑगस्ट १८६९ रोजी जर्मनीतील हायडेलबर्ग येथे गुस्ताव सायमन या शल्यविशारदाने एका स्त्रीचे मूत्रपिंड काढले आणि ती जगली. दुसरे मूत्रपिंड निरोगी असेल तर माणूस संसार करतो आणि शेतीही करतो. मूत्रपिंडाचे दान करणारी माणसे हेच तर दाखवून देतात.

दुर्बिणीची पद्धत

पूर्वी यासाठी कुशीवर लांब चीर घ्यावी लागे, कधी बरगडीचा तुकडाही काढावा लागे. २५ जून १९९० रोजी अमेरिकेतील सेंट लुईस येथे डॉ. राल्फ क्लेमन यांनी ८५ वर्षांच्या एका बाईचे गाठ झालेले मूत्रपिंड प्रथमच दुर्बिणीतून काढले. त्याला जवळजवळ सात तास लागले. छोट्या छिद्रातून एवढे मोठे मूत्रपिंड बाहेर यायचे कसे? त्यांनी ते आतच एका पिशवीत घालून बारीक केले आणि मग बाहेर घेतले. आता पुष्कळदा पिशवी तशीच ठेवून एक छिद्र थोडे वाढवतात.

यात आपल्या देशाचाही मोठा वाटा आहे. मूत्रपिंड आतड्यांच्या मागे, पाठीच्या बाजूला असते. पोट न उघडता मागूनच तिथे जाता आले तर पू पोटात सांडण्याची भीती कमी. पण तिथे दुर्बीण फिरवायला जागा नसते. मुंबईच्या बॉम्बे हॉस्पिटलमधील डॉ. डी. डी. गौर यांनी यावर स्वस्तातली युक्ती काढली. रबरी नळीवर शस्त्रक्रियेच्या हातमोज्याचे बोट बांधायचे, ते पाठीतून आत सारायचे आणि रक्तदाब मोजण्याच्या यंत्राच्या पंपाने फुगवायचे. फुग्याने जागा मोकळी होते. १९९२ साली त्यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली आणि पुढे ती जगभर वापरली गेली.

दीर्घ दाहाची अडचण

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. वर्षानुवर्षे पू धरलेले मूत्रपिंड भोवतालच्या आतड्यांना, यकृताला किंवा प्लीहेला आणि मोठ्या रक्तवाहिन्यांना घट्ट चिकटून बसते. ते सोडवताना रक्तस्राव होऊ शकतो, आतड्याला इजा होऊ शकते. म्हणून साध्या मूत्रपिंडापेक्षा हे काम फार कठीण. दुर्बिणीने सुरुवात करून मध्येच मोठी चीर घ्यावी लागली, तर “ऑपरेशन बिघडले” असे म्हणू नये. रुग्णाचा जीव सांभाळण्यासाठीच शहाणा डॉक्टर तो निर्णय घेतो. सही करण्यापूर्वी त्याला सरळ विचारावे: असे रोगट मूत्रपिंड आपण दुर्बिणीने आधी काढले आहे काय? चीर घ्यावी लागली तर तयारी काय? रक्त किती लागेल? दुसरे मूत्रपिंड कसे आहे?

खर्चाचीही सोय आधी पाहावी. आदिलाबादेत रिम्स हे शिक्षण रुग्णालय आहे. आधी तिथे दाखवावे. पुढे हैदराबाद किंवा नागपूरला जायचे झाल्यास तिथून चिठ्ठी घ्यावी. आरोग्यश्री योजनेत डिसेंबर २०२३ पासून तेलंगणातील पात्र कुटुंबाला वर्षाला १० लाख रुपयांपर्यंत उपचार मिळू शकतात. आपली शस्त्रक्रिया आणि ते रुग्णालय योजनेत बसते का, हे भरती होण्यापूर्वीच आरोग्यमित्राला विचारावे. गहाण टाकलेले वावर सोडवणे हे शस्त्रक्रियेहून कठीण असते.

घरी आल्यावर

दुर्बिणीची शस्त्रक्रिया सरळ पार पडली तर रुग्ण बहुधा तीन-चार दिवसांत घरी येतो. चालणे-फिरणे लगेच सुरू करावे. पण साधारण सहा आठवडे पोते, पाण्याची घागर, फवारणीचा पंप उचलू नये. मोठी चीर असेल तर याहून अधिक. ताप उतरला असून डॉक्टरांनी थांबायला हरकत नाही म्हटले, तर वेचणी संपल्यावर आणि मृगाच्या आधी वेळ धरावी. पू असून ताप चढत असेल तर मात्र हंगाम पाहू नये. काढलेल्या मूत्रपिंडाचा तपासणी-अहवाल जरूर आणावा. त्यात क्षय निघाला तर औषधांचा पूर्ण क्रम घ्यावाच लागतो.

उरलेल्या मूत्रपिंडाला जपावे. दुखण्याच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत, रक्तदाब आणि साखर तपासत राहावे. घरात बाकी सर्वांनीही शेतावर जाताना पाणी भरपूर न्यावे. आडोसा नाही म्हणून बाया दिवसभर पाणी पीत नाहीत, लघवी दाबून धरतात. त्यांच्यासाठी वावरात चार ताट्यांचा आडोसा करणे हे घरच्या पुरुषांचे काम आहे. आणि एकाच कुशीतले दुखणे तापासह दुसऱ्यांदा आले, तर तिसऱ्या सुईची वाट न पाहता लघवीची तपासणी आणि सोनोग्राफी करून घ्यावी. खडा वेळीच सापडला तर पुष्कळदा खडाच काढावा लागतो, मूत्रपिंड नाही.