बटण दाबा, दाबून धरू नका

जुलै २०१८च्या पुरात वसईचा वीजपुरवठा बंद ठेवावा लागला होता. आजही पावसात वीज गेली, की यूपीएसवर चालणारा दवाखान्यातला संगणक बंद करायची घाई होते. मग बरेचजण बटण दाबूनच धरतात. त्यात रुग्णांच्या नोंदी जाऊ शकतात.

लिनक्सवर चालणाऱ्या संगणकात क्रमांक १चा प्रोग्रॅम म्हणजे ‘इनिट’. बटण क्षणभर दाबले, की बंद होण्याचा निरोप त्याच्याकडे जातो. जुन्या इनिटला असे निरोप एका खास फाइलमधून मिळत. आजच्या ‘सिस्टमडी’ला संदेशवाहिनीवरून किंवा ठरावीक सिग्नलने मिळतात. मग तो प्रत्येक प्रोग्रॅमला आवरायला सांगतो, गरज पडल्यास साधारण दीड मिनिट थांबतो आणि तरीही न ऐकणाऱ्याला सक्तीने बंद करतो. मेमरीतली माहिती डिस्कवर उतरवली, की शेवटी कर्नलला ‘बंद कर’ किंवा ‘पुन्हा सुरू हो’ असे सांगतो.

बटण सुमारे ४ सेकंद दाबून धरले, तर ही आवराआवर होतच नाही. थेट वीज तुटते. नुकताच भरलेला रक्ताचा रिपोर्ट डिस्कवर पोचला नसेल, तर तो गेलाच.

म्हणून बटण एकदाच दाबा आणि दोन मिनिटे थांबा. यूपीएसची बॅटरी तेवढी टिकते का, हे पावसाळ्याआधीच तपासा.