सातबाऱ्यावर गृहिणीचें नांव

मुलांच्या कल्याणाची गोष्ट निघाली कीं आपण दूध, शाळा व दवाखाना यांविषयीं बोलतों; सातबाऱ्याविषयीं कोणी बोलत नाहीं. प्रस्तुत लेखकाची सारी नोकरी महसूल खात्यांत कारकुनी करण्यांत गेली. त्या अनुभवावरून वाचकांस कळवावेंसें वाटतें कीं, शेतकऱ्याचें मूल शिकेल कीं नाहीं हें पुष्कळदां त्या कागदावर ठरतें.

एका कचेरींत असतां एक तरुण विधवा दोन मुलांस घेऊन वारसनोंदीसाठीं येत असे. १९५६ च्या हिंदु वारसा कायद्यानें विधवा, मुलगे, मुली व मयताची आई हे सारखेच वारस. तथापि दिरानें हरकत घेतली, प्रकरण तक्रारींत गेलें आणि दोन हंगाम उलटले. उताऱ्यावर नांव नाहीं म्हणून सोसायटींतून पीककर्ज मिळेना. थोरला मुलगा शाळा सोडून गुरांमागें गेला. तो कागद कांहीं दिवस माझ्याच टेबलावर पडून होता, हें सांगतांना संकोच वाटतो.

यावरील उपाय नवा नाहीं. १९८६ सालीं चांदवड येथें शेतकरी महिलांचें मोठें अधिवेशन भरलें. त्यानंतर कांहीं वर्षांनीं शरद जोशी यांनीं ‘लक्ष्मीमुक्ती’ची हांक दिली व अनेक शेतकऱ्यांनीं जमिनीचा हिस्सा पत्नीच्या नांवें केला. १९९२ सालीं राज्य शासनानेंही त्यासाठीं सोय केली. पतीनें स्वखुशीनें तहसीलदारांकडे अर्ज करावा. आदेश झाल्यावर तलाठी, ज्यांस आतां ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, फेरफार धरतात व पत्नी सहहिस्सेदार म्हणून लागते. पुढें दुर्दैवानें प्रसंग आलाच, तर निदान तिच्या हिश्शास वारसनोंदीची वाट पाहावी लागत नाहीं. तो हिस्सा तिच्या सहीवांचून कोणास विकतांही येत नाहीं.

‘मी असतां तिच्या नांवाची गरज काय?’ असें बंधु विचारतात. गरज आपण नसतां लागते, हेंच तर सांगावयाचें आहे! १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या नांवापुढें सरकारी कागदांत आईचें नांव आलें. शेताच्या उताऱ्यावर मात्र तें अद्याप पुष्कळ घरीं नाहीं. मीं स्वतः हा अर्ज निवृत्तीनंतर केला, तोंवर सुचला नाहीं.

जमीन वडिलांच्या नांवें असेल तर आधीं वाटणी करून घ्यावी लागते. नवा उतारा हातीं येतांच नांवाचीं अक्षरें आधारपत्राशीं ताडून पाहावीं. एका काना-मात्रेच्या चुकीपायीं दुरुस्तीचा निराळा अर्ज करावा लागतो.