औदुंबर : फुलाविना फळलेले क्षेत्र

दत्तजयंती समीप आली की दत्तभक्तांचे चित्त नरसोबावाडी व गाणगापूर यांकडे धाव घेते. आम्ही आज वाचकांस एका लहानशा वस्तीचे स्मरण देऊ इच्छितो. महाबळेश्वरी उगम पावलेली कृष्णामाई कऱ्हाडास कोयनेला भेटून सांगली जिल्ह्यात येते, तेथे अंकलखोपच्या शिवारात तिच्या तीरावर औदुंबर वसले आहे. वस्ती लहान, पण पुण्याई थोर.

पंधराव्या शतकात श्रीनृसिंहसरस्वतींनी येथे एक चातुर्मास एकांतात काढला. मग ते वाडीस गेले. मागे राहिल्या त्या विमल पादुका. येथे पूजा होते ती याच पादुकांची.

गुरुचरित्राच्या सतराव्या अध्यायातील कथा याच ठिकाणची. करवीरच्या एका विद्वान ब्राह्मणाचा पोरका पुत्र मंदबुद्धी निघाला. लोकनिंदेने पोळून तो पैलतीरी भिलवडीच्या भुवनेश्वरीपुढे निराहार बसला आणि अखेर त्याने आपली जिव्हा छेदून देवीस वाहिली. देवीने स्वप्नात त्याला नदीपलीकडच्या औदुंबरातळी बसलेल्या यतीकडे धाडले. गुरूंनी मस्तकी हात ठेवताच त्याला वाचा आली, विद्याही आली.

ज्याला फूल न दिसता फळ येते त्या वृक्षास धर्मशास्त्र 'वनस्पति' म्हणते. उंबराची फुले फळाच्या पोटातच दडलेली असतात. या स्थानाचा स्वभावही तसाच आहे. कवी सुधांशु येथलेच. त्यांची दत्तगीते आर. एन. पराडकरांच्या कंठातून घरोघरी पोहोचली. त्यांनी सोबत्यांसह दिवंगत मित्राच्या स्मरणार्थ १९३९ साली येथे सदानंद साहित्य मंडळ स्थापिले. मंडळाचे संमेलन मकरसंक्रांतीस याच कृष्णाकाठी भरत आले आहे. जेथे मुक्या मुलास वाचा लाभली, तेथे सारस्वतांनी जमावे, यात आम्हांस गुरूंचीच योजना दिसते.

परंतु नदीकाठच्या वस्तीला नदीचे भोगही भोगावे लागतात. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी हा सारा कृष्णाकाठ बुडविला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये याच पलूस तालुक्यात ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांची नाव उलटून अनेकांचे प्राण गेले. पाणी ओसरल्यावर घाटावरचा गाळ काढावा लागतो, भिजलेले घर पुन्हा उभे करावे लागते, आणि हे सर्व ज्यांना करावे लागते ते येथलेच रहिवासी होत. त्यांच्या कष्टांवरच आपले दर्शन उभे आहे, याचा यात्रेकरूस सहसा विसर पडतो.

म्हणून आमची प्रार्थना एवढीच. जयंतीस जाल तेव्हा पादुकांवर मस्तक ठेवाच, पण निर्माल्य आणि प्लॅस्टिक कृष्णेत सोडू नका. आणि पुढील श्रावणात पाणी चढल्याची वार्ता कानी आली, तर दक्षिणापेटीत टाकावयाचे द्रव्य त्या घरांकडे वळवा. दीनाच्या मस्तकी हात ठेवणे, हीच येथल्या गुरूंची रीत आहे.